त्रेचाळीस जणांचा एक नंबर

मथुराबाईंनी पदराची गाठ सोडली, आतला बटणांचा मोबाईल काढला आणि मृणालच्या पुढ्यात ठेवला.

"घ्या मॅडम, तुम्हीच पाहून घ्या. मी काई लपवून नाही ठेवलं."

मृणालने मेसेज उघडले. खाली सरकवता सरकवता अंगठा दुखायला लागला, तरी ते संपेनात. सगळे एकाच छापाचे. नोंदणी क्रमांक अमुक, आपली तपासणी अमुक तारखेला, कृपया केंद्रात यावे. नाव कुठेच नाही, फक्त क्रमांक. मथुराबाई तो क्रमांक वहीत शोधत, त्या घरी जात आणि निरोप तोंडी सांगून येत.

मथुराबाई आरोग्य केंद्रामागच्या वस्तीच्या मितानिन. छत्तीसगडमध्ये घरोघरी फिरून आरोग्याचं काम करणाऱ्या बाईला हेच नाव आहे, आणि त्याचा अर्थ जिवाभावाची मैत्रीण. त्यांचं माहेर गोंदियाकडचं. पंचवीस वर्षं भिलाईत काढूनही मराठी सुटली नव्हती, फक्त तिला हिंदीचा शेजार लागला होता.

मृणाल ज्या संस्थेत नोकरीला होती, त्या संस्थेने इथल्या चार आरोग्य केंद्रांत रुग्णांच्या नोंदींचा नवा प्रोग्राम बसवला होता. प्रोग्राम फुकटचा. फुकटचं म्हटलं की माणसं नाक मुरडतात, पण हा चांगला होता. अनेक देशांतल्या डॉक्टरांनी आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी मिळून केलेला, कोणालाही घेता येणारा, उघडून आपल्या गरजेप्रमाणे बदलता येणारा. "हा कोणाच्या बापाचा नाही, म्हणून आपल्या सगळ्यांचा आहे," असं मृणाल प्रशिक्षणात सांगायची आणि बायका हसायच्या.

त्याच प्रोग्रामने आज सकाळी लाल खूण दाखवली होती. त्रेचाळीस रुग्ण, फोन नंबर एक. रायपूरहून तिचे साहेब अमरदीप यांचा लगेच फोन आला.

"बोगस एंट्री है सब. शाम तक उडा दो, और उस मितानिन का नाम भेजो."

मृणालने दिवसभराची मुदत मागून घेतली. त्रेचाळीसांतले दहा क्रमांक प्रोग्रामनेच निवडायचे, त्या दहा घरी तिने स्वतः जाऊन यायचं. दहाच्या दहा खरे निघाले तर सगळे राहतील. एक जरी खोटा निघाला, तरी त्रेचाळीसही जातील, आणि मथुराबाईंची बारा वर्षांची मितानिनकीही.

"पण स्वतःचा नंबर कावून टाकला, मथुराताई?"

"मंग काय करू? ज्याच्याजवळ फोन नाही त्याचं नाव टाकलं, का मशीन पुढं सरकेचना. दहा आकडे पाहिजे म्हणे. मले दहा आकडे माहीत होते थे माहेच."

मृणालने मान खाली घातली. तो रकाना सक्तीचा करणारी तीच होती. नंबर नसेल तर नोंद पुढे जाऊच नये, अशी सोय तिने मे महिन्यात खास बसवली होती. नोंदी स्वच्छ राहतील म्हणून त्या दिवशी तिला स्वतःचं मोठं कौतुकही वाटलं होतं.

दोघी निघाल्या. प्रोग्राम रुग्णाचं नाव झाकून ठेवायचा. त्या त्या घराशी पोचलं की टॅबलेटवर क्रमांक दाबायचा, मग नाव दिसायचं. पहिल्या घरी बाजेवर एक म्हातारा बसला होता. त्याच्याकडे फोन नव्हता, कधी घेतलाही नव्हता. मथुराबाई येतात का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "लेकापेक्षा जास्त येते." लेक आतच होता, पण त्याने ऐकलं नाही किंवा ऐकलं नसल्यासारखं केलं.

तिसरं घर ममताचं. दोन लेकरांची आई, वय चोवीस. ती नळावर भांडी घासत होती. सासू ओट्यावरून उठून आत गेली, तेव्हा कुठे ती बोलली.

"दर तीन महिन्यांनी सुई घ्यायची असते. पाळणा लांबवायची. फोन यांच्याजवळ असतो. मेसेज आला की हे मोठ्यानं वाचतात, सगळ्या घराला कळतं." तिने कढई उलटी करून जोरजोरात घासायला घेतली. "मथुराताई येतात आणि म्हणतात, ममता, उद्या माझ्याबरोबर बाजारात चल. मला समजतं."

नरेश हथखोजच्या एका कारखान्यात कामाला होता, आज सुट्टी म्हणून घरी भेटला. त्याच्या टीबीच्या गोळ्या चालू होत्या. त्याच्याकडे फोन होता, चांगला मोठा. पण दिवसभर तो कारखान्यात सगळ्यांच्या फोनांबरोबर एकाच बोर्डावर चार्जिंगला असायचा आणि ज्याचा हात मोकळा तो कोणाचाही उचलायचा. "टीबी कळली का कोणी माह्यासंग डबा नाही खाणार," तो म्हणाला. एवढंच म्हणाला आणि खोकला आला म्हणून तोंड फिरवलं.

सकाळी मृणाल निघाली होती ती तपासनीस म्हणून. पाचव्या घरी तिने पायरीवर बसून पाणी प्यायलं. सातव्या घरी आपण काय काय सक्तीचं केलंय ते ती मनात मोजायला लागली. नववं घर झालं तोवर तिला स्वतःची चांगलीच लाज वाटत होती.

दुपारी केंद्रात डबा खाताना तिने लॅपटॉप उघडला. आपल्यासारखी अडचण जगात आणखी कोणाला आली असेलच, असं तिला वाटलं, आणि आली होती. नेपाळमधल्या कोणा मंडळींनी या प्रोग्राममध्ये एक जास्तीचा रकाना करून सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. मृणालने तो घेतला, शब्द इकडचे घातले आणि बसवून टाकला. निरोप कोणाला द्यायचा? स्वतःला, नवऱ्याला, मुलाला, मुलीला, मितानिनला. ज्याचं त्याने सांगायचं. फोन नंबरची सक्ती तिने काढून टाकली. ना कोणाला अर्ज, ना कोणाचा शिक्का. पोळी संपायच्या आत काम झालं.

"आता एकच राहिलं," ती डबा लावत म्हणाली. "सहाशे पंचावन्न."

मथुराबाई हात पुसत होत्या. त्या पुसतच राहिल्या.

"थे राहू द्या."

"कावून?"

"खरी बाई आहे. मी सांगते ना. पण घरी नका जाऊ."

"मथुराताई, दहा म्हणजे दहा. कुठं राहते ती?"

"रेल्वे लाइनीच्या पल्याड."

"म्हणजे तुमच्या वस्तीतली नाही? मग तुमच्या यादीत कशी?"

मथुराबाई डब्याचं झाकण पुसायला लागल्या. नऊ घरं खरी निघाली होती, बाईंवर जीव बसला होता, आणि आता कुठेतरी पाणी मुरत होतं. एका खोट्या नावापायी ममताची सुई आणि नरेशच्या गोळ्या जाणार होत्या. तिने घराशी पोचायची वाट न बघता क्रमांक दाबला.

पंचफुला बळीराम गोतमारे. वय एकसष्ट.

मृणालने ते दोनदा वाचलं. बळीराम गोतमारे हे तिचे आजोबा, आईचे वडील. पंचफुला हे आईचं माहेरचं नाव. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'सुशीला' लिहिलं, आणि तेव्हापासून मामा सोडले तर आईला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती.

"ही माझी आई आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे मले."

"सकाळपासून?"

"नंबर निघाला तवापासून."

"मग बोलल्या का नाही? तुमचं काम जाणार होतं, मथुराताई."

"त्यायनं शपथ घातली होती," मथुराबाई म्हणाल्या, जणू यापुढे विचारण्यासारखं काही उरतच नव्हतं.

नावाच्या खाली बटण होतं, 'माहिती उघडा'. एकदा दाबलं की आजार, तपासण्या, तारखा, सगळं समोर आलं असतं. तपासनीस म्हणून तिला तो अधिकार होता. लेक म्हणून तर तिला तो आहे की नाही असा प्रश्नच आजवर पडला नव्हता. मथुराबाई मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मृणालचा अंगठा बटणाच्या जरा वर थांबला. तिला भीती वाटत होती, साधी, लहानपणी वाटायची तशी. थोड्या वेळाने तिने टॅबलेट पिशवीत टाकला.

"चला," ती म्हणाली.

लाइनीवर लोखंडाच्या दगडाची मालगाडी स्टील प्लांटकडे चालली होती. ती जाईपर्यंत दोघी फाटकाशी उभ्या राहिल्या.

घरी आई अंगणात वाळवणाच्या मुंगवड्या घालत होती. जुन्या धोतरावर अर्ध्या ओळी झाल्या होत्या, हात पिठाने भरलेला. गेटाशी दोघींना एकत्र पाहिलं आणि तिचा हात घमेल्यातच थांबला. ती मथुराबाईंकडे बघायला लागली. मथुराबाईंनी 'मी नाही सांगितलं' अशी मान हलवली.

मृणाल गेटाबाहेरच उभी राहिली. तिने टॅबलेट काढला. नऊ घरी विचारलं तसंच तिने विचारलं.

"पंचफुला बळीराम गोतमारे इथंच राहतात?"

आईने तिच्याकडे पाहिलं, मग टॅबलेटकडे.

"राहते," ती म्हणाली.

"या मितानिन तुम्हाला निरोप देतात?"

"देतात. येळेवर देतात."

"तुमच्याजवळ स्वतःचा फोन आहे?"

"आहे. पोरीनं घेऊन देल्ला. पण त्याच्यात आलेलं सगळं माह्या पहिले थेच वाचते."

ते खरं होतं. बँकेच्या नावाने कोणी म्हाताऱ्या माणसाला फसवू नये म्हणून मृणालने आईचे सगळे मेसेज स्वतःच्या फोनवरही येतील असं करून ठेवलं होतं. याला ती काळजी म्हणत आली होती.

"तुमच्या गल्लीत नीतू मितानिन आहे. तिच्याकडे का नाही गेलात?"

"नीतूच्या तोंडात तीळ भिजत नाही. थे संध्याकाळी पोरीले सांगते."

"आणि पोरीला कळलं तर काय होईल?"

हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. आईने हातावरचं पीठ दुसऱ्या हाताने निपटलं.

"तिच्या बापाच्या आजारात तिनं नोकरी सोडली होती. पावणेदोन वर्षं. मंग पुन्हा लागाले किती दारं झिजवली, मी पायलं. मले अजून काई निघालं नाही. डॉक्टर तपासून राहिले. गुरुवारी आणखीन एक तपासणी आहे. नाही निघालं तं तिची झोप कावून उडवू?"

मृणालला खूप बोलायचं होतं, भांडायचंही होतं. एकदम लहान झाल्यासारखं वाटत होतं. तिने नवा रकाना उघडला.

"आजपासून हे विचारायचं असतं," ती म्हणाली. "निरोप कोणाला द्यायचा? मितानिनला की मुलीला?"

आईने 'मुलीला' म्हणावं, असं तिला फार वाटलं. इतकं वाटलं की तिने वर पाहिलंच नाही, न जाणो आई भिडेखातर तसं म्हणायची.

"मथुरालेच येऊ दे," आई म्हणाली.

मृणालने 'मितानिन' दाबलं. मग अहवालात दहापैकी दहा खरे असं लिहून तिथेच गेटाशी उभ्याउभ्या रायपूरला पाठवून दिलं. गोतमारेंची माहिती उघडली का, या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं.

"झालं काय तुहं काम?"

"झालं."

"मंग बाहेर कायले उभी आहे?"

मृणाल हलली नाही. "गुरुवारी मी सोबत येऊ?" तिने विचारलं. "तू म्हणशील तरच. सुट्टी एकाच दिवसाची टाकीन. नोकरी नाही सोडत."

आईने घमेल्यात हात घालून दोन मुंगवड्या घातल्या, तिसरी घातली. ओळ जरा वाकडी गेली, ती तिने बोटाने सरळ केली. मग मान वर न करता मथुराबाईंना हाक मारली.

"मथुरा, गुरुवारी त्या ऑटोत तिघी मावतो का वं आपण?"

"मावतो ना बाई," मथुराबाई म्हणाल्या. "पिशवी तेवढी कोणाले तरी मांडीवर घ्या लागन."