कागदावरची असमा

माझ्या नवऱ्याला अख्खं कुवेत बदरूभाई म्हणतं. म्हणजे कुवेतातले आमच्या गावाकडचे चाळीस-पन्नास लोक. पण ह्यांच्या लेखी तेच अख्खं कुवेत. कोणाची नोकरी सुटली की बदरूभाई. कोणाला अपेंडिक्स झालं की बदरूभाई. कोणी मेलं तर कफनाचं कापड फाडायला बदरूभाई कात्री घेऊन हजर. लोक ह्यांना फरिश्ता म्हणतात. फरिश्त्याला बायको नसते, हे लोकांना ठाऊक नसावं.

ही खोड कुवेतात लागलेली नाही. गावी खाडीकाठी राहत होतो तेव्हाही दर वैशाखात हे शेजाऱ्यापाजाऱ्यांची घरं शाकारून द्यायचे, आणि पुढे चार महिने मी आमच्या घरात गळतीखाली पातेली मांडत फिरायचे. लग्नाच्या पंगतीत वाढायला हे, मय्यतीला कबर खणायला हे, तरीच्या होडीवरून उतरणाऱ्या म्हाताऱ्यांची बोचकी उचलायलाही हेच. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण ह्यांना त्याचं व्यसन होतं. आमच्या विळीची पात सहा महिने डुगडुगत होती, ती शेवटी मीच दगडाने ठोकून बसवली.

बावन्न साली हे कुवेतला आले आणि मिरकाबमधल्या एका गुदामाच्या ऑफिसात कारकून झाले. वर्षभरात गावच्या जमातीचे सेक्रेटरीही झाले. त्या कामाला पगार नव्हता, त्यामुळे ते त्यांनी मन लावून केलं.

सत्तावन्न साली साहेबाने त्यांना कुटुंब आणायचा परवाना मिळवून दिला. एक बायको, एक मूल. आमची असमा तेव्हा अडीच वर्षांची होती. मी तिच्यासाठी दोन नवे फ्रॉक शिवले, माझ्या आईने लाडू बांधले. हे आम्हाला न्यायला गावी आले आणि चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "झुलेखा, इद्रीसची रुकय्या बघितलीस? आय मेली बिचारीची. आजी आंधली. इद्रीस तिकडं कुवेतात जहऱ्याला दुकानात एकला, पोरीच्या नावानं रडतो रोज. तिला घेऊन जावंया."

"जावंया की," मी म्हटलं. "असमाला सोबत होईल."

"परवाना एकाच पोरीचा हाय."

मला समजायला वेळ लागला. मी ह्यांच्या ताटात भात वाढत होते, आणि वाढतच राहिले.

"असमा सा म्हयने तुज्या आयशीकडं ऱ्हाईल," हे म्हणाले. "रुकय्या असमाच्या नावावर येईल. दोगी एकाच वयाच्या, कोनाला कलतंय? मंग असमाचा परवाना काडतो. मी जमातीत शब्द दिलाय."

मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी इद्रीसची आंधळी आई भिंत चाचपडत आमच्या दारात आली, माझे हात धरून रडली, आणि मी बावळट विरघळले. जन्मात मी एकदाच समाजसेवा केली, ती ही.

मुंबईत पासपोर्टासाठी फोटो काढला. त्यात माझ्या मांडीवर रुकय्या आहे. ती भोकाड पसरून रडत होती, फोटोवाला खुळखुळा वाजवत होता, आणि हे बाजूला उभे राहून तिला "असमा, असमा, इकडं बघ" म्हणत होते. एकदाही त्यांची जीभ अडखळली नाही.

बोट कुवेतला लागली तेव्हा धक्क्यावर सगळी जमात उभी होती. इद्रीसने पोरीला छातीशी धरलं, मोठमोठे बाप्ये रडले, ह्यांच्या गळ्यात कोणीतरी कागदी फुलांचा हार घातला. मीही रडले. लोकांना वाटलं, आनंदाने रडते आहे.

सहा महिने झाले. मी आठवण केली. हे म्हणाले, जमातीतल्या हैदरच्या भावाच्या परवान्याचं काम चाललंय, ते होऊ दे. वर्ष झालं. शेवटी मी दोन दिवस चूल पेटवली नाही, तेव्हा हे अर्ज घेऊन कचेरीत गेले आणि तोंड पाडून परत आले. कचेरीतल्या वहीत लिहिलेलं होतं: पत्नी झुलेखा, कन्या असमा, दोघी हजर. हजर असलेल्या मुलीचा परवाना पुन्हा कसा मागणार? दिवसाला दहा जणांचे फॉर्म भरणाऱ्या ह्या शहाण्याला ही गोष्ट तोवर सुचली नव्हती.

"दुसरी मुलगी म्हनून आना," मी म्हटलं. "दुसऱ्या नावाचा दाखला करून घ्या गावात."

"खोटा दाखला?" ह्यांनी कानांना हात लावले. "हराम हाय ता, झुलेखा. मी असला काम करनार नाय."

एक पोर दुसरीच्या नावावर समुद्रापार आणताना ह्यांचं इमान गाढ झोपलं होतं. माझ्या पोरीची पाळी आली तेव्हा ते जागं झालं.

मग मीच गावी जाते म्हटलं. तेही जमेना. रुकय्या माझ्या पासपोर्टावर. मी गेले तर ती माझ्याबरोबर गेली पाहिजे. "बापापासून पोर तोडू?" हे म्हणाले. "जमात काय म्हनेल?" जमात माझ्याबद्दल काय म्हणते ते मला दर शुक्रवारी ऐकायला मिळायचंच. नमाजानंतर चौदा-पंधरा माणसं आमच्याकडे जेवायची, माशाचं सालन ओरपायची, आणि हात धुताना म्हणायची, "बुबू, अल्लानं तुमाला मोठा दिल दिलाय." मी कांदे चिरत असायचे. त्यांचं अन्न घशाशी अडकावं असं मला दर शुक्रवारी वाटायचं, आणि पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा वाटण वाटायचे.

इद्रीसही रुकय्याला घेऊन यायचा. पोरीचा काही दोष नव्हता. टोचून घ्यायला दवाखान्यात न्यायची असली की मलाच न्यावी लागे, आणि आतून "असमा" अशी हाक आली की उठावं लागे. मी उठायचे. घरी येऊन मोरीत तोंडात पदर कोंबून रडायचे, कारण बाहेर कोणी ना कोणी नव्याने आलेला गाववाला पथारी पसरून झोपलेला असे.

आई पत्राबरोबर दोरा पाठवायची. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एक, कमरेभोवतीचा एक. त्या मापाने मी असमाचे फ्रॉक शिवायचे आणि गावी जाणाऱ्याबरोबर धाडायचे. दोरे लांब होत गेले. चार वर्षांत माझी मुलगी मला एवढीच दिसली.

एकसष्ट साली इद्रीस गावी जाऊन शरीफाशी लग्न करून आला. त्याच्या शेठने त्यालाही परवाना दिला: बायको शरीफा, मुलगी रुकय्या. त्या दुपारी हे ऑफिसातून धावत आले, चपलाही न काढता आत शिरले.

"काम झाला! शरीफाबरोबर असमा येनार. रुकय्याच्या नावावर!"

"म्हंजे कागदावर ती इद्रीसची?"

"कागदावर. घरात आपलीच ना!"

"आनि शालेत?"

"शालेत कागदावरचाच नाव लागनार."

"आनि तिच्या लग्नात?"

"लग्नाला अजून बारा वर्षं हायत," हे हसले. "दोन पोरी, दोन नावां, दोनी हजर. कोनाचा काय अडला?" ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. स्वतःच्या चांगुलपणाने ह्यांना नेहमीच रडू येतं.

माझ्या हातात भाताचा डाव होता. तो मी ह्यांच्या डोक्यात घालायला हवा होता. पण मला मुलगी हवी होती. कोणत्याही नावाने, कोणाचीही म्हणून का होईना, माझ्या घरात हवी होती. मी डाव खाली ठेवला आणि बरं म्हटलं.

बंदरावर घोटाळा होऊ नये म्हणून ह्यांनी माझ्या आईला एकामागून एक तीन पत्रं लिहिली. पोरीला पढवा. नाव काय? रुकय्या. बाप कोण? इद्रीस. आई कोण? शरीफा. कोणीही काहीही विचारलं, कितीही लाडाने विचारलं, तरी दुसरं काही बोलायचं नाही. बोललीस तर शिपाई धरून नेईल. माझी आई ह्यांना वली, अल्लाचा लाडका संत समजायची. तिने दोन महिने रोज सकाळी पोरीकडून ते वदवून घेतलं.

बोट आली त्या दिवशी मी पहाटेच उठून बिरडं केलं आणि नवी गादी घालून ठेवली. बंदराच्या तारेच्या कुंपणापलीकडे रांग दिसत होती. शरीफाचा बुरखा, आणि तिच्या हाताला मी शिवलेला पिवळा फ्रॉक. अधिकाऱ्याने वाकून काहीतरी विचारलं. पोरीने मान ताठ करून उत्तर दिलं. त्याने हसून तिच्या गालाला हात लावला आणि शिक्का मारला.

"बघितलास?" ह्यांनी मला कोपराने ढोसलं. "एक शब्द चुकली नाय."

ती गेटबाहेर आली तेव्हा मी खाली बसले. तिच्या हनुवटीवर एक व्रण होता, तो कधी पडला मला माहीत नव्हतं. "असमा," मी म्हटलं, "मी तुजी आय."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग भोवती जमलेल्या बाप्यांकडे पाहिलं. आतल्या अधिकाऱ्याइतकीच मी तिला अनोळखी होते. ती शरीफाला चिकटली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माजा नाव रुकय्या. माजी आय ही."

सगळे हसले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. "शाबास!" हे म्हणाले, आणि इद्रीसकडे वळले. "दोन-चार दिस ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच, जहऱ्याला. सवय झाली हाय तिला शरीफाची. मंग बघू."

मी तिचा हात धरला. ती किंचाळली, "आय गो! आय!" आणि दुसऱ्या हाताने शरीफाचा बुरखा ओढायला लागली. मी आणखी घट्ट धरला. गेटवरचा शिपाई चार पावलं पुढे आला आणि आमच्याकडे बघत उभा राहिला.

"हात सोड," हे दातओठ खाऊन म्हणाले. "कागदावर ती तुजी कोन नाय."

मी हात सोडला.