अंधारी नळी

सकाळी साडेसातला धाकटीने प्रयोगशाळेचे कुलूप उघडले, कोपरापर्यंत हात धुतले, हातमोजे चढवले आणि उबदार कपाटातून काचेच्या दोन बशा काढल्या. एकीत कर्करोगाच्या पेशी होत्या, दुसरीत निरोगी. दोन्हींत तिने परवा एकच जनुक सोडले होते, हिरवा उजेड देणारे. त्याच्यापुढे प्रमोटर जोडलेला होता. प्रमोटर म्हणजे जनुक चालू-बंद करणारा तुकडा. हा प्रमोटर फक्त कर्करोगाच्या पेशीतच चालू व्हायला हवा. तसे झाले, तर पुढे उजेडाच्या जागी पेशी मारणारे जनुक जोडता येईल आणि निरोगी पेशींना धक्का लागणार नाही.

सवयीप्रमाणे तिने सूक्ष्मदर्शकाखाली आधी निरोगी बशी ठेवली. काळोख. मग दुसरी. हिरवे ठिपके. तो काळोख होता म्हणूनच या ठिपक्यांना अर्थ होता.

हेच तिने वर्षापूर्वी जेवताना दादाला सांगितले होते. दादा इलेक्ट्रिशियन, म्हणून त्याच्या भाषेत, स्विच आणि दिवा म्हणून. पुढे दादाच्या पोटात गाठ निघाली, केमोथेरपीने तो हैराण झाला, आणि तेवढ्यात शहरात एक ‘स्विचवाले डॉक्टर’ अवतरले. “तू म्हणत होतीस तेच हे!” असे म्हणत त्याने हॉस्पिटल सोडले. काळोखी बशीबद्दल सांगायचे तेवढे तिच्याकडून राहून गेले होते.

दहा वाजता त्याच स्विचवाल्यांच्या सभेला सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती.

“मोठ्या हॉस्पिटलात काय करतात? चोर पकडायला अख्खं घर पाडतात!” स्विचवाले गरजले. “मी फक्त चोराच्या खोलीतला दिवा लावतो. माझी कॅप्सूल गाठीत शिरते, गाठ पेटते आणि जळून विझते!”

पडदे ओढले गेले. जांभळा दिवा लागला. तीन आठवड्यांपूर्वी दादाच्या लघवीची नळी याच दिव्याखाली पिवळ्या-हिरव्या उजेडाने झगमगली होती. त्याची आजची नळी विझल्यासारखी दिसत होती.

“गाठ संपली!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. “आणि ह्यांचे केसही परत आले बघा!” तिने शेजारणीला सांगितले. केमो थांबली की केस येतातच, हे धाकटीला माहीत होते.

ती पुढे गेली आणि पर्समधली नळी दिव्याखाली धरली. नळी लख्ख उजळली.

“अरेरे!” स्विचवाले कळवळले. “फारच पसरलाय. कोण आहे हा अभागी?”

“मी. दादाच्या पहिल्या आठवड्याच्या, लाल टोपणाच्या कॅप्सूल दोन दिवस खाल्ल्या.”

“मग बाई, तुमच्या शरीरातही लपलेली गाठ आहे!”

गर्दी हादरली. दादा ताडकन उठला. धाकटीने मात्र दोन पेल्यांत पिण्याचे पाणी ओतले. एकात लाल टोपणाची कॅप्सूल फोडली, दुसऱ्यात तिसऱ्या आठवड्याची पांढरी. लाल टोपणाचे पाणी झगमगले. पांढऱ्याचे काळेच राहिले.

“पाण्याला कुठला कॅन्सर झालाय, डॉक्टर?”

मागून कोणीतरी फिसकन हसले आणि लगेच गप्प झाले. धाकटीने औषधाच्या दुकानातली बी-टू जीवनसत्त्वाची साधी गोळी चुरडून तिसऱ्या पेल्यात टाकली. तोच पिवळा-हिरवा उजेड.

“हे लघवीवाटे बाहेर पडतं आणि या दिव्याखाली चमकतं. तिसऱ्या आठवड्यात ते द्यायचंच नाही, की ‘गाठ विझली’. कोणी काहीही दाखवो, एवढंच विचारा, निरोगी माणसावर लावून पाहिलंत का? माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरी जाऊन करून बघा.”

स्विचवाले दिव्याची वायर गुंडाळू लागले. वहिनी मात्र धाकटीवरच तुटून पडली, “तीन आठवडे हे पोटभर जेवत होते गं! तेवढंही बघवलं नाही तुला?”

धाकटीने पेले दादापुढे सरकवले.

दादाने तिन्ही पेले एकेक करून दिव्याखाली धरून पाहिले. “बंद तारेवर पेटणारा टेस्टर मी फेकून देतो,” तो हळूच म्हणाला. “हा कसा नाही तपासला मी?”

घरी जाताना त्याने विचारले, “तुझा खरा स्विच कुठवर आलाय?”

“उंदरांपर्यंत.”

“माझ्यापर्यंत?”

खोटे बोलणे सोपे होते. “नाही, दादा. तुझ्यापर्यंत नाही पोचणार.”

“बरं,” तो म्हणाला. वळणावर त्याने पुन्हा म्हटले, “बरं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दादाच्या घरी पोचली, तेव्हा तो अंगणात स्टुलावर गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसला होता. हत्यारांच्या पेटीतून काढलेली हॉस्पिटलची फाइल त्याच्या मांडीवर होती.

“केमो सुरू झाली की परत गळणारच आहेत,” त्याने वहिनीच्या हातात केस कापायचे मशीन दिले. “उशीवर सापडण्यापेक्षा तूच काढ.”

वहिनीने मशीन चालू केले आणि तसेच धरून ठेवले. धाकटीने तिच्या हातावर आपला हात ठेवला. दोघींनी मिळून ते नवे, मऊ केस उतरवले. मग दादाने मान झटकली, फाइल काखेत मारली आणि चपला घातल्या.