तपासणीच्या पट्टीचा जबाब

मी लघवी तपासायची एक पट्टी. बोटभर लांब, एकदाच वापरायची. लघवीत मादक द्रव्य असल्याची शंका आहे की नाही, एवढेच मी सांगते. माझी रीत उलटी आहे. रेघ उमटली तर माणूस सुटला. नाही उमटली तर अडकला. मला वाचणाऱ्याला घाई परवडत नाही.

शेकडो बहिणींसोबत खोक्यात बसून मी भिलाईला आले. सिविक सेंटरजवळच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ दिपालीच्या हाती पडले. त्या सकाळी एका ठेकेदाराने आपल्या क्रेनचालकांची तपासणी ठेवली होती. माझ्या वाट्याला तेजराम आला. अकरा वर्षे क्रेनवर काढलेला, तोंडात सुपारीही न घालणारा. निदान त्याचे म्हणणे तसे होते.

पाच मिनिटे झाली. अफूच्या रकान्यात रेघ आलीच नाही.

ठेकेदाराचा माणूस भैयालाल दारातच उभा होता. कागदावर ‘पॉझिटिव्ह’ एवढेच लिहून द्या, याचा कारखान्याचा गेटपास आजच रद्द करतो, असे तो म्हणाला. तेजरामचा चेहरा उतरला.

दिपालीने औषधे विचारली. एकही नव्हते. मग खाणे विचारले. तो ओशाळला.

“अधिक महिना हाय ना, मॅडम. काल सासूबाईनं तेहतीस अनारसे देल्ले.”

“खाल्ले किती?”

“समोर बसून राहिल्या होत्या त्या. जावयाले नाही म्हणता येते का? वीस झाले.”

खसखशीवर थापलेले वीस अनारसे! खसखस हे अफूच्याच बोंडातले बी. मी खोटे बोलले नव्हते. पण नशा आणि पाहुणचार यांतला फरक मला कळत नाही. तो कळतो असा आव मी कधीच आणलेला नाही. आव आणतात ते मला वाचणारे.

दिपालीने लिहिले: ‘प्राथमिक चाचणी संशयास्पद; पुष्टी बाकी.’

“जावई तुमचा हाय का, मॅडम?” भैयालालने टोमणा मारला.

“सही माही हाय. दुसरा शब्द पायजे असन, तं सही तुमी करा.”

त्याने पेन उचलले नाही.

नमुना मोहरबंद होऊन मोठ्या प्रयोगशाळेत गेला. तेजराम आठ दिवस कामाविना घरी बसला. उत्तर आले: मॉर्फिन किंचित, खसखशीतून येते तेवढेच; हेरॉइनची खूण नाही. तो पुन्हा क्रेनवर चढला. त्याची माफी मात्र कुणी मागितली नाही.

पुराव्यासाठी जपलेली मी आता वाळून पिवळी पडले आहे. आज कचऱ्यात जाईन. खुशाल फेका. शंका माझी होती, ती मी मान्य करते. शिक्षा देणार असाल, तर ती माझ्या नावावर देऊ नका.