पत्र्याचे अश्रू

थंडीतल्या त्या सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. खिडक्या बंद, छताखालच्या हवेच्या फटी चिंध्या कोंबून बुजवलेल्या. मधोमध शेगडीवर सुगंधी पाण्याचं पातेलं रटरटत होतं. सगळ्यांच्या माना वर.

टप.

थेंब शिलाई मशीनवर पडला आणि गर्दीतून हुंदका फुटला.

"रडतोय," बुवा डोळे मिटून म्हणाले. "देह गेला, जीव छताला चिकटून राहिलाय. माणसं जितकी जास्त, तितका त्याला गहिवर जास्त."

आप्पांची लेक दाराशी उभी होती. आप्पांनी हयातभर या शेडमध्ये मशीनं दुरुस्त केली. ते गेले आणि महिन्याभरात बुवा शिरले. अश्रू पुसायचे नाहीत असा त्यांचा हुकूम, म्हणून मशीनांवर गंज चढत होता. आज आई शेडची किल्ली त्यांच्या हवाली करणार होती. शेड कायमची बंद, फक्त बुवांसाठी उघडी.

"आई, मशीनं जातील."

"जाऊ देत. माणूस गेलं, मशीनांचं काय घेऊन बसलीस?"

लेकीने वर पाहिलं. सगळा पत्रा घामेजलेला, पण मागच्या कोपऱ्यात एक थेंब नव्हता. तिथे आप्पांनी पत्र्याला थर्माकोलचे जाड तक्ते चिकटवले होते, सांधे पट्टीने बंद करून. पुढचं काम आजारपणाने राहिलं.

"बुवा, त्या कोपऱ्यात का रडत नाहीत ते?"

बुवांनी मान हलवली. "तिथे त्यांचा जीव नव्हता, पोरी."

आईने पदर सावरला. "तिथे त्यांचं कामाचं बाक आहे," ती हळूच म्हणाली. "तिथून जेवायला उठवायचं म्हटलं तरी नाकी नऊ यायचे."

बुवा खाकरले. तोवर लेक बाहेर जाऊन रात्रभर गारठलेला, पाण्याने भरलेला स्टीलचा तांब्या घेऊन आली. बाहेरून तो तिने कोरडा पुसला आणि आत धरला. बघता बघता तांब्या ओलाचिंब.

"हा कोणाचा जीव?"

"बुवांचाच असेल," गर्दीतला एक शिंपी म्हणाला. "मिळेल तिथे चिकटतो." मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"हा आपला श्वास आहे," लेक म्हणाली, "आणि या पातेल्याची वाफ. गार पत्र्याला लागली की तिचं पाणी होतं. तक्त्यांखाली गार पत्रा वाफेला सापडत नाही, म्हणून तिथे कोरडं. आप्पा फटी कायम उघड्या ठेवायचे. त्या बुजवल्या कोणी, आई? शेगडी कोणी पेटवायला लावली?"

"बापाबद्दल काडीची माया नाही हिला," बुवा म्हणाले आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

लेकीने तांब्या खाली ठेवला. ती स्टुलावर चढली आणि चिंध्या उपसू लागली. गार वारा आत आला.

आईने किल्ली कमरेला खोचली. "पातेलं तेवढं घेऊन जा, बुवा."

दुसऱ्या दिवशी थंडी तेवढीच होती. शेगडी नव्हती, गर्दी नव्हती, फटी उघड्या होत्या. पत्रा कोरडा. आईने तेलाचं फडकं घेतलं, पहिलं मशीन पुसलं आणि मशीनवर डोकं टेकून रडली. लेकीने उरलेले तक्ते शिडीपाशी आणले.

रडायचं माणसांनी; पत्र्याला रडायला लावू नये. आणि कोणी तुमच्या दुःखाचे थेंब छतावर दाखवले, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: फटी कोणी बुजवल्या?