तळ्यात सोडलेले सात जीव

या, असे पुढे या. तिकडे खांबाला टेकून बसलात तर अर्धी गोष्ट वारा घेऊन जाईल. सरका रे पोरांनो, आजीला जागा द्या. आज सांगतो ती गोष्ट देवाची नाही, देवाचं नाव घेऊन केलेल्या एका चुकीची आहे. चूक करणारी बाई तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली होती, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट माणसाच्या चुकीत ऐकण्यासारखं काय असतं?

गंजाडच्या पुढे डांबरी सोडून उतारानं खाली गेलं की एक पाडा लागतो. चाळीसेक घरं आणि मधोमध तळं. त्या तळ्याला वर्षभर बंदी. गळ नाही, जाळं नाही. वैशाखात पाणी गुडघ्यावर आलं की गावदेवाला नारळ द्यायचा आणि सगळ्यांनी एकदम उतरायचं. मग काठावर जितकी घरं तितके माशांचे ढीग. विधवेचा, आजाऱ्याचा, सगळ्यांचे ढीग सारखे. मधल्या काळात तळं राखायला एक माणूस असे. त्यानं तळ्यातला मासा तोंडात घालायचा नाही, असा नेम. त्याच्या वाट्याचा ढीगसुद्धा घरच्यांनी खायचा आणि त्यानं मिठाशी भात.

अकरा वर्षं हा नेम सुकऱ्यानं पाळला. तो माळकरी नव्हता, बाहेरचे मासे मिटक्या मारत खायचा, पण भजनात पखवाज त्याच्याशिवाय कुणाला जमत नसे. पाड्याच्या भजनात पुढे बसून झांज वाजवायची ती बायजी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी रोशनी मसोलीला दिलेली. दोन हजार पंधराच्या माघात एका बुवांचं कीर्तन ऐकून बायजीनं तुळशीची माळ घातली आणि घरातला माशाचा तवा शेजारच्या नवशीला देऊन टाकला.

त्याच श्रावणात जावई आला. दिपक एका शेततळ्यावर कामाला होता. मालकानं दिलेले सात मासे त्यानं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणले होते. काळे, बिनखवल्यांचे, तोंडाला लांब मिशा. सकाळपासून पाण्याबाहेर, तरी वळवळत होते.

"मामी, कढई तापव."

"जावईबापू, माझ्या गळ्यात काय हाय ते दिसतंय ना?"

दिपकनं जीभ चावली. "विसरलोच. मग शेजारी दे."

"मासे कुठले रे?"

"मांगूरच. आपल्याकडे असतो तसाच. खाऊन खाऊन अंगानं भरलाय एवढंच."

दिपक गेला. बायजी गोणपाटाकडे बघत बसली. माळ घातल्यावर पहिलाच जीव उंबऱ्यावर आला होता, तोही सात तोंडांनी श्वास घेत. नवशीच्या तव्यावर त्यांना कसं पाठवायचं? तिनं घागरीत पाणी भरलं, मासे त्यात घातले आणि तळ्यावर जाऊन विठ्ठलाचं नाव घेत एकेक सोडला.

बांधावर सुकऱ्या बसला होता. "काय सोडलंस गं वहिनी?"

"मांगूर. दिपकनं आणले होते. जीव वाचवले."

"बरं केलंस," सुकऱ्या म्हणाला आणि त्यानं पाण्याकडे हात जोडले.

पुढच्या वैशाखात ढीग छोटे आले. पाऊस लवकर गेला म्हणून, असं सगळे म्हणाले. त्याच्या पुढच्या वैशाखात, म्हणजे सतरा साली, ढीग असे आलेच नाहीत. मळे नाहीत, खरब्या नाहीत, नेहमीचे बारके मासेच नाहीत, झिंगे तर औषधाला नाहीत. घराला दोन-दोन मुठी. नवशी तिचा वाटा बघून म्हणाली, "ही मांजराची न्याहारी की माझी?" त्याआधीच्या पावसात तळ्याकाठी बेडूकही धड ओरडले नव्हते. पण शांत झोप लागली म्हणून कुणी तक्रार करतं का?

पाणी होतं, बंदी होती, मग मासे गेले कुठे? विहिरीवर बायका एकमेकींकडे बघू लागल्या आणि मग सगळ्याजणी एकदम सुकऱ्याच्या घराकडे बघू लागल्या. त्याच्या छपरावर नवे पत्रे आलेले. हल्ली तो सायकलनं आठवड्यातून दोनदा कुठेतरी जातो. तलासरीकडे महामार्गावर ढाबे आहेतच.

बायजीचा मिरच्यांचा वाफा तळ्याला लागून. ती निंदता निंदता नजर ठेवू लागली. माणूस चांगला असला की त्याच्यावर संशय घेताना आधी लाज वाटते, आणि एकदा घेतला की बारीकसारीक सगळं दिसायला लागतं. सुकऱ्या खोकला तरी तिला वाटे, मुद्दाम खोकला. एका सकाळी करवंदीच्या जाळीआडून तिनं बघितलं. सुकऱ्या चिखलात हात घालून चाचपत होता. काहीतरी ओढून काढलं, दगडानं ठेचलं, गोणीत भरलं. गोणी सायकलच्या कॅरियरला बांधली. गोणीतून पाणी गळत होतं. तो इकडेतिकडे बघत निघून गेला.

चोर नसता तर इकडेतिकडे कशाला बघता? बायजी तशीच चिखलाच्या पायांनी भजनाचे म्होरके चिमणबुवा यांच्याकडे गेली.

गावदेवापुढे बैठक बसली.

"गोणीत काय नेतोस?" चिमणबुवांनी विचारलं.

"मासे," सुकऱ्या म्हणाला.

एकच गलका झाला. सुकऱ्यानं हात वर केला. "खायला नाय, विकायला नाय. पुरतो. नरपडला वाडीत कामाला जातो, तिथं चिकूच्या बुंध्याशी पुरतो."

"चाळीस घरं चटणीशी भात खातायत आणि हा झाडांना मासे चारतो!" हाल्या ओरडला. हाल्याला गर्दीत बोलायची हौस फार. "झाडांना आमटी पण करून घालतोस काय रं?"

"ते आपले मासे नायत."

"मग कोणाचे?"

सुकऱ्याची नजर बायजीवर आली. क्षणभर तिथं थांबली. मग त्यानं मान खाली घातली.

ती खाली गेलेली मान बायजीनं बघितली आणि तिचा उरलासुरला किंतू मिटला. असा पडतो गुन्हेगाराचा चेहरा, असं तिला वाटलं.

सुकऱ्यानं तळहातावर तांदूळ घेऊन गावदेवाची शपथ घेतली, की मी तळ्यातलं काही खाल्लं नाही, काही विकलं नाही. आणि आठ दिवसांत नवशीची बदकाची नऊ पिल्लं तळ्यावरून नाहीशी झाली. पीस नाही, रक्त नाही. "खोटी शपथ," बायजी विहिरीवर म्हणाली. तिच्या तोंडून निघालेलं वाक्य सांजेपर्यंत पाडाभर झालं. माळकरणीचा शब्द तो. सुकऱ्याच्या हाताचं पाणी लोकांनी बंद केलं. पंधरवड्यात तो बायको-मुलांना घेऊन नरपडच्या वाडीवर राहायला गेला. एकादशीच्या भजनाला हाल्यानं त्याचा पखवाज वाजवून बघितला. देवाचीच कृपा की देव काही बोलत नाही.

राखण आता बायजीकडे आली. तिनं ती डोळ्यांत तेल घालून केली. गुरं हाकलली, पोरांना हाकललं, परक्या सायकली थांबवल्या. अठरा सालचा चैत्र आला, पाणी आटत आलं. एका दुपारी ती बांधावर बसली असताना पाणकोंबडीचं एक पिल्लू तुरुतुरु पोहत तळं ओलांडत होतं. मध्येच पाणी उघडलं. रुंद, चपटं तोंड वर आलं, मिशा हलल्या आणि पिल्लू नव्हतं. बायजी उठून उभी राहिली. कडेच्या डबक्यातून हातभर लांबीचा दुसरा एक निघाला आणि कल्ल्याजवळच्या काट्यांवर अंग रेटत ओल्या चिखलावरून मोठ्या पाण्याकडे सरपटत गेला. मासा चालताना तिनं जन्मात बघितला नव्हता. पण ते तोंड तिनं बघितलं होतं. एकेकाला हातात धरून.

तिनं दिपकला फोन लावला.

"ते मांगूर? मामी, ते आपले नव्हतेच गं. मालकाला मागाहून नोटीस आली, तळं बुजवायला लावलं. बाहेरदेशचे, आफ्रिकेतले. त्यांच्यावर बंदी हाय. ओढ्या-तळ्यात गेले तर दुसरं काही ठेवत नायत म्हणे. तू शेजारी दिलेस ना तेव्हा?"

बायजीनं फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी ती जीपमध्ये बसून नरपडला गेली. सुकऱ्या शिडीवर चढून चिकू काढत होता. तिला बघून उतरला, पण बस म्हणाला नाही.

"तुला ठाऊक होतं," बायजी म्हणाली.

"पहिल्याच वर्षी. एक चिखलात घावला, त्याचं पोट फाडून बघितलं. आत आपले मळेच मळे. माणसं उतरली की ते चिखलात दडतात, जाळ्यात येत नायत. मग दिसंल तो काढत गेलो. राखणदाराला खायचा नेम नाय. ठेचला तरी लवकर मरत नाय, फेकला तर पुन्हा पाण्याकडे चालत जातो. म्हणून पुरायचो."

"मग बैठकीत बोलला का नाय?"

सुकऱ्या हसला, पण त्यात गोडवा नव्हता. "काय बोलू? मी मासे खाणारा, गोणीसकट धरलेला. तू माळकरीण. माळेच्या पुण्यानं तळं गिळलं म्हटलं असतं तर चिमणबुवांनी मला तिथंच झोडला असता. मी तुझ्याकडं बघितलं. म्हटलं, हिला ठाऊक हाय, ही सांगंल. तू नाय बोललीस. वर्षभर मला वाटतंय, बायजीला सगळं कळलंय आणि बायजी गप हाय."

"देवाशपथ, मला ठाऊक नव्हतं रे."

"शपथ मी पण घेतली होती, वहिनी."

ती तिथंच चिकूच्या पानांवर बसली. म्हणाली, "चल माझ्यासंगती. सगळ्यांपुढं सांगते."

"मी आलो तर म्हणतील मीच पढवून आणलं. तुला सांगायचं तर एकटी सांग."

वैशाखात तळं उघडायचा दिवस आला. नारळ फोडायच्या आधी बायजीनं चिमणबुवांच्या कानावर घातलं.

बुवांनी तिला बाजूला नेलं. "झालं ते झालं. माणूस गेला, तंटा मिटला. आता बोललीस तर माळेला बट्टा लागंल. लोक म्हणतील, कीर्तनं ऐकून हेच शिकतात."

"बुवा, माळेला बट्टा लागलाय तो माझ्या गप बसण्यानं," बायजी म्हणाली. तिनं ताटातले तांदूळ उचलून तळहातावर घेतले आणि मोठ्यानं सांगितलं. कोणते मासे, किती, कुठून आले, कुणी सोडले. सुकऱ्यानं काय केलं. "खोटी शपथ" हा शब्द पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाला, तेही सांगितलं. तिनं काही गाळलं नाही.

मग सगळे पाण्यात उतरले आणि या खेपेला चिखलही चाचपला. साठाच्या वर काळी धुडं निघाली. आपल्या माशांची एक परडीही भरली नाही. नवशीनं एक धूड उलथं करून बघितलं आणि बायजीकडे न बघता म्हणाली, "तर माझी बदकं इथं गेली." पाड्यानं तळं उपसलं, गाळ काढला, पावसाळ्यात ओढ्यातले मळे आणून सोडले. एकोणीसच्या पावसात थोडे बेडूक ओरडले.

पण तळं उपसता येतं तसं माणसाचं मन उपसता येत नाही हो. आजही तिथं दोन-तीन घरं म्हणतात, सुकऱ्यानंच भोळ्या बाईला पढवलं असेल. हाल्या दोनदा बोलवायला गेला. सुकऱ्या त्याला चिकू देतो, पाणी देतो आणि म्हणतो, "सगळी घरं म्हणतील तेव्हा येईन." बायजी दर एकादशीला त्या दोन-तीन घरांच्या दारात जाऊन तेच पुन्हा सांगते. काही दार लावून घेतात. ती पुढच्या एकादशीला परत जाते.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं. घरी जाऊन देवापुढं हात जोडाल तेव्हा सुकऱ्याची आठवण काढा. पखवाज चांगला वाजवायचा म्हणून नाही. तो चोर नव्हता, म्हणून.