ओळंब्याची भिंत

अब्बांना गवंडीकामातले सगळे ओळंबा म्हणत. भिंत केसभर कलली तरी ती पाडायला लावायचे, मग घरमालकानं कितीही आदळआपट करो. लोकांच्या भिंती आरशासारख्या आणि स्वतःच्या खोलीला नुसता कोरा गिलावा, रंगाचा पत्ता नाही. "पुढच्या वर्षी," म्हणता म्हणता लेकीचं लग्न झालं, तिला पोरं झाली, भिंत तशीच राहिली.

आता अब्बा त्याच भिंतीला लागून पलंगावर पडून होते. पक्षाघाताच्या झटक्यात उजवं अंग गेलं, वाचा गेली. यांना काही कळत असेल असं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणाले. लेकीच्या भाईनं लगेच अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या संस्थेशी बोलून घेतलं. उद्या सकाळी गाडी येणार होती. लेक धावत आली ती एवढंच बघायला, की त्या अंगात अब्बा अजून आहेत की नाहीत.

अम्मीचा धीर सुटला होता. "डाव्या हातानं सारखी भिंत थापटतात गं. डोक्यात अजून गिलावाच चाललाय. तोच धुळीचा हात तोंडावरून फिरवतात! पुसून पुसून थकले मी. शेवटी भाईनं भिंतीवर प्लास्टिक ठोकलं, तर आता रडतात. तोंड खिडकीकडे करून दिलं, की पुन्हा भिंतीकडे."

अम्मी स्वयंपाकघरात गेली. लेक पलंगाच्या कडेवर बसली. "अब्बा, मी आलेय." त्यांनी मान वळवली नाही.

एवढ्यात दुपारची अजान ऐकू आली. अब्बांचा डावा हात उठला, प्लास्टिकवर चाचपडला, आणि घशातून केविलवाणा आवाज निघाला. थापटू दे की माणसाला त्याची भिंत! तिनं रागारागानं प्लास्टिक ओरबाडून काढलं.

हात गिलाव्यावर टेकला. मग कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहऱ्यावरून फिरला. पुन्हा भिंतीवर टेकला आणि निर्जीव उजव्या हातावरून सावकाश गेला. डावा हात पुसायला दुसरा हात नव्हता. तो त्यांनी भिंतीवरच घासला.

लेक पुढे वाकली. हा कुठला गिलावा? हा तयम्मुम होता! नमाजआधी पाण्यानं हात-तोंड-पाय धुऊन वजू करता येत नसेल, तर स्वच्छ मातीवर, अशा कोऱ्या भिंतीवरही, हात टेकून तो तोंडा-हातांवरून फिरवून पाक व्हायची मुभा असते. लहानपणी अब्बांनीच तिला हे शिकवलं होतं. आणि ते भिंतीकडे तोंड करतात कारण किबला, नमाजची दिशा, त्याच बाजूला आहे. रोज ते नमाजची तयारी करत होते, आणि घरचे ती ओल्या फडक्यानं पुसून काढत होते.

ती बघत राहिली. ओठ किंचित हलत होते. हनुवटी थोडी झुकली, तो रुकू, एरवीचं कमरेतून वाकणं. मग त्याहून खोल झुकली, तो सजदा. आयुष्यभर जमिनीला टेकलेलं ते कपाळ आता उशीवरूनच टेकत होतं, आणि त्यातही घाई नाही, कसर नाही. एवढंसं उरलेलं अंग, आणि तेही हा माणूस सगळंच्या सगळं अल्लापुढे ठेवत होता.

शेवटी सलाम, नमाज संपवताना दोन्ही बाजूंना मान वळवून करायचा. आधी उजवीकडे. इतके दिवस भिंतीला खिळलेली मान थरथरत, कष्टानं वळली. उजवीकडे लेक बसली होती. अब्बांचे डोळे तिच्या डोळ्यांत थांबले, ओले झाले, मग पुन्हा भिंतीकडे गेले.

"व अलैकुम अस्सलाम, अब्बा," ती हुंदक्यातून म्हणाली.

अम्मी दारात आली. "कुणाशी बोलतेस गं?"

"भाईला फोन लाव अम्मी. सांग, गाडी नको. अब्बांनी मला सलाम केला."