पलंगाखालच्या बाटल्या

घरात सगळ्यात गार खोली आईची, म्हणून उदयसिंहनं बाटल्या तिच्याच पलंगाखाली ठेवल्या. आईच्या, बयाबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना तो म्हणाला होता, "काढा हाय, मुरायला ठेवलाय."

ती घरी केलेली बिअर होती. बंगळूरच्या मित्रानं शिकवलेली. ऐन थंडीत आंबवायच्या कॅनमधले बुडबुडे थांबले आणि उदयसिंहला वाटलं, आंबायचं संपलं. संयोगितानं, त्याच्या बायकोनं, विचारलं होतं, "मोजून बघितलासा का?" साखर किती उरली ते दाखवणारी काचेची नळी कपाटात होती. लागोपाठ दोन-तीन दिवस आकडा हलला नाही तरच खरं, हे त्याला माहीत होतं. पण कागलच्या मेव्हण्याला पाजायची घाई. त्यानं बाटल्या भरल्या, बुचं ठोकली. मेव्हणा आलाच नाही. थंडी सरली, उन्हं तापली आणि गारठून निजलेलं यीस्ट बंद बाटल्यांत जागं होऊन उरलेल्या साखरेचा वायू करू लागलं.

दुपारी खोलीत धाडकन आवाज झाला.

"उदय! काय फुटलं रं?"

तो दारात पोचला. फरशीभर फेस, काचा. आई उठून बसलेली, पाय खाली सोडायच्या बेतात.

"आई, पाय खाली सोडू नगंस! हलूच नगंस!"

शेजाऱ्यांना हाक मारावी तर घरी दारू केल्याचा पोलिसांपर्यंत बोभाटा. संयोगितानं त्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, हातात वाकळ दिली. चपला घालून, काचा तुडवत तो पलंगाशी गेला. पायाजवळून बारीक फुसफुस ऐकू येत होती. त्यानं आईला वाकळेत गुंडाळून उचललं. उंबरा ओलांडतो तोच मागं दुसरी फुटली. पोटरीत काहीतरी गरम घुसलं, तरी त्यानं आईला बाहेरच्या सोप्यात नेऊन टेकवलं, मगच खाली बघितलं. संयोगितानं बांधलेलं फडकं रक्तानं भिजलं.

संध्याकाळपर्यंत खोलीकडं कुणी फिरकलं नाही. मग ओली पोती टाकून, त्याखाली हात घालून, त्यानं एकेक बूच सैल केलं. प्रत्येक फुस्सला संयोगिता डोळे मिटून घेत होती. सगळी बिअर मोरीत गेली.

वास सोप्यापर्यंत आला. बयाबाईंनी तो ओळखला.

"दारू केलीस ते केलीस," त्या म्हणाल्या, "पर मला त्यावर निजवलंस व्हय रं?"

 उदयसिंह आईच्या पायाशी बसून राहिला.